‘धडधाकट पट्टा फेकून दिलात’: जुन्या गाडीवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या 1986 च्या पोर्शे 944 चा टायमिंग बेल्ट (इंजिनातले वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा दातेरी पट्टा) बदलल्याचं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काढलेल्या पट्ट्याचा फोटो मीच टाकलाय, त्यात ना चीर ना झिजलेला दात, तो फक्त 9,000 मैल चाललाय, तरी मी दोन शनिवार-रविवार आणि जवळजवळ 900 डॉलर घालवले. तुमच्या पद्मिनीचा पट्टा कसाऱ्याच्या घाटात तुटला, तेव्हा इगतपुरीला अर्ध्या तासात नवा घालून तुम्ही नाशिकला जेवायला पोचलात. आणि शेवटी, ‘एवढं करून वॉटर पंप जुनाच ठेवलात, मग काय उपयोग?’

पद्मिनीपासून सुरुवात करतो, कारण सगळी गफलत तिथेच आहे. आमच्या घरीही होती, घाटात बॉनेट उघडून उभी राहायची, मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन कायम. पण काका, तुमचा घाटात तुटला तो फॅन बेल्ट. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवणारा, बाहेर दिसणारा. तो तुटला की लाल दिवा लागतो, तापमानाचा काटा वर चढतो, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. पद्मिनीच्या 1089 सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये असतो आणि त्याला फिरवते साखळी, तीही तेलात भिजलेली. म्हणजे तुमच्या गाडीला टायमिंग बेल्ट नावाची चीजच नव्हती. तुम्ही सांगताय तो अनुभव खराच आहे, फक्त तो दुसऱ्याच पट्ट्याचा आहे.

944 मध्ये कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात. क्रँकपासून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या मुख्य दांड्यापासून, तिथपर्यंत दातेरी रबरी पट्टा. हे इंजिन ‘इंटरफिअरन्स’ जातीचं, म्हणजे पूर्ण उघडलेला वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच. दोघांनी वेळा पाळल्या म्हणून टक्कर होत नाही. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, आणि क्रँक मात्र गाडीच्या वेगानं फिरत राहतो. 3,000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 50 वेळा फिरतो. तुमचा पाय क्लचवर जाईपर्यंत वॉल्व्ह वाकलेले असतात. पुढे हेड उतरवा, वॉल्व्ह बदला, गाइड तपासा, गॅस्केट नवं. त्या खर्चात कधीकधी गाडीची किंमत संपते. ही गाडी घेण्याआधी मी एक दुसरी बघायला गेलो होतो. जाहिरातीत होतं, ‘फक्त बेल्टचं किरकोळ काम’. जाऊन बघतो तर हेड पुठ्ठ्याच्या खोक्यात.

आता ‘फक्त 9,000 मैल’. आकडा बरोबर आहे. पण पट्टा घातल्याची पावती 2012 ची आहे, ते मी लेखात ओझरतं लिहिलं, चूक माझी. रबर मैल मोजत नाही. 944 बाळगणाऱ्या मुरलेल्या मंडळींचा साधारण हिशेब 30,000 मैल किंवा तीन-चार वर्षं, यातलं जे आधी येईल ते. माझा पट्टा बारा वर्षांचा. त्यातली कित्येक वर्षं गाडी गॅरेजमध्ये झाकून उभी, म्हणजे पट्टा एकाच ठिकाणी त्याच पुलीवर वाकलेला. आणि फोटोत पट्ट्याची पाठ दिसते. भार येतो दातांच्या मुळाशी आणि आतल्या दोऱ्यांवर, ते फोटोत काय, हातात घेऊनही कळत नाही. तो पट्टा अजून 20,000 मैल गेला असता का? गेलाही असता. पण तो तुटण्याआधी ना आवाज करतो ना दिवा लावतो, त्यामुळे वाट बघण्यातून मला कळणार तरी काय होतं?

फोटोत न आलेली एक गोष्ट: पट्ट्याच्या आतल्या बाजूला तेल होतं. या इंजिनाच्या तोंडावर क्रँकचं, कॅमचं आणि दोन बॅलन्स शाफ्टची (त्यांच्याबद्दल पुढे) अशी ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्या, आहेत. ती वयानं कडक होतात, तेल झिरपतं, आणि तेल म्हणजे रबराचं विष. 900 डॉलरमधला मोठा वाटा या सीलचा आणि रोलरचा होता. नुसते पट्टे त्यामानानं स्वस्त.

‘पट्टे’ म्हटलं, कारण दोन आहेत. चार सिलिंडरमध्ये अडीच लिटर म्हणजे एकेक पिस्टन 100 मिलिमीटर व्यासाचा, चहाच्या बशीपेक्षा थोडा लहान. एवढी मोठी धडं वरखाली झाली की इंजिन थरथरतं. ती थरथर मारायला क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. त्या रचनेचे हक्क मित्सुबिशीकडे होते, पोर्शेनं त्यांना पैसे मोजले. (जर्मन अभिमानाला तेव्हा काय वाटलं असेल ते असो.) हे शाफ्ट फिरवायला दुसरा पट्टा. तो तुटला तर एकट्यानं फारसं काही होत नाही, पण त्याचे तुकडे पहिल्या पट्ट्याखाली गेले की झालं. म्हणून दोन्ही एकदम बदलतात.

ताण किती द्यायचा यावर मात्र मला तुमच्यासारख्या हाताची गरज आहे. माझ्या गाडीत ताण हातानं लावायचा. आपोआप ताणणारी स्प्रिंग नंतरच्या गाड्यांत आली. सैल राहिला तर दात उडी मारतो, जास्त ताणला तर पट्टा किंकाळी फोडतो आणि पंपाचं बेअरिंग खातो. कंपनीचं मोजमापाचं हत्यार माझ्याकडे नाही, ते मी उसनं आणलं. नवा पट्टा सैलावतो, म्हणून साधारण 1,500 मैलांनी परत बघायचं असतं. आधीच्या मालकानं ज्या गॅरेजकडून काम करून घेतलं, त्यांच्या पावतीवर या दुसऱ्या तपासणीची नोंदच नाही.

‘अमेरिकेत जाऊन पोर्शेचा तोरा’ हेही लिहिलंत, त्याला हसलो. फोक्सवॅगनसाठी आखलेल्या 924 या मॉडेलवर उभी राहिलेली ही गाडी, नेकार्झुल्मच्या आउडीच्या कारखान्यात जोडलेली. पोर्शेची खरी नावाजलेली गाडी 911, ते 911 वाले आम्हाला पार्किंगमध्ये हातसुद्धा करत नाहीत.

राहिला वॉटर पंप. पट्टा फुकट बदलला म्हणताय आणि पंप का नाही बदलला असंही म्हणताय, हे एका दमात कसं जमतं ते तुम्हीच जाणा, पण दुसऱ्या मुद्द्यावर मी हरलो. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. हातानं फिरवून बघितला, गुळगुळीत वाटला, 200 डॉलर वाचवले. गेल्या आठवड्यात कव्हरच्या फटीतून टॉर्च मारला तर पंपाखाली कूलंटचा सुकलेला पांढरा ओघळ. म्हणजे परत रेडिएटर रिकामा, परत कव्हर, परत दोन्ही पट्टे नवे. ऑर्डर काल टाकली, थंडी कमी झाली की उघडतो.

तोवर गाडी जॅकवर आहे. आणि काका, तुमच्या पद्मिनीची साखळी कधी बदलावी लागली का, किती किलोमीटरला, तेवढं कळवा.