पुढचा नंबर कोणाचा?

अमेरिकेत ज्याच्या दारात कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेल इंजिनाचा डॉज रॅम पिकअप उभा असतो, तो माणूस इंजिनाबद्दल बोलताना छाती पुढे काढतो आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा विषय निघाला की खोकतो. हा खोकला मी लांबून ओळखतो. त्यावर औषध आहे, पण ते गाडीपेक्षा महाग पडायची शक्यता असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

रुग्ण म्हणजे हा गिअरबॉक्स, नाव ४७आरई. चार गिअर म्हणून ४, ताकदीचा दर्जा ७, मागच्या चाकांसाठी म्हणून आर आणि इलेक्ट्रॉनिक म्हणून ई. १९९६ ते २००२ या काळात तो या डिझेलमागे बसला. घराणं मात्र जुनं, १९६२ च्या मॉडेलांसोबत आलेल्या टॉर्कफ्लाइट ७२७ चं. त्यालाच मागून ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे चौथ्या गिअरचा, डबा जोडलेला. या आजोबांवर कारखान्याचाही पुरता विश्वास नव्हता. २००१ साली २४५ हॉर्सपॉवर आणि ५०५ फूट-पौंड टॉर्कचं तगडं इंजिन फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळायचं. ऑटोमॅटिकवाल्याला २३५ आणि ४६०. घरच्यांनीच ताटावर झाकण ठेवलेलं. मग मालक ट्यूनर, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणतो, मोठे इंजेक्टर बसवतो आणि झाकण उडवून देतो.

पहिली तक्रार टॉर्क कन्व्हर्टर करतो, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग. त्याच्या पोटात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जखडणारा लॉकअप क्लच असतो, मूळचा एकाच डिस्कचा. चौथ्या गिअरात, लॉक झालेल्या अवस्थेत, चढावर ॲक्सिलरेटर दाबला आणि वेग तिथेच राहून आरपीएमचा काटा एकटाच वर गेला, तर क्लच घसरतोय असं समजावं. कन्व्हर्टर मुळात लॉक होतो का, हेही घरबसल्या कळतं. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. लॉक सुटतो आणि आरपीएम उडी मारतो. उडी नाही, म्हणजे लॉक लागलाच नव्हता.

यावरचा उपाय तीन डिस्कचा कन्व्हर्टर. तो घेताना दुकानदार स्टॉल स्पीड (गाडी जागेवर धरून ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं, तो आकडा) विचारतो आणि मालक सगळ्यात मोठा आकडा सांगतो, कारण आकडा मोठा असला की बरं वाटतं. मूळचा टर्बो असेल तर कमी स्टॉलच घ्यावा. हे इंजिन १६०० आरपीएमलाच जोर काढतं. जास्त स्टॉल मोठ्या, उशिरा जागा होणाऱ्या टर्बोसाठी. उगाच घेतलात तर ट्रेलर ओढताना निम्मा जोर तेल तापवण्यात जाईल.

तर कन्व्हर्टर आता घसरत नाही. आतापर्यंत घसरून घसरून तो बिचारा इनपुट शाफ्टला, म्हणजे जोर गिअरबॉक्सच्या आत नेणाऱ्या दांड्याला, वाचवत होता. आता सगळा धक्का सरळ शाफ्टवर, आणि मूळ शाफ्ट भर चढावर कट्कन मोडतो. त्याच्या जागी ३००एम नावाच्या चिवट पोलादाचा शाफ्ट बसवावा, तोही कन्व्हर्टरसोबतच. नाहीतर तोच गिअरबॉक्स दोनदा उतरवावा लागतो आणि दुसऱ्यांदा मदतीला कोणी मित्र येत नाही. डॅशबोर्डवर लॉकअपचं वेगळं बटण बसवणारे शूर लोकही असतात. लॉक ठेवूनच गिअर बदलला की ३००एमलाही घाम फुटतो, आणि लॉक ठेवून सिग्नलला थांबलात तर इंजिन सगळ्यांसमोर बंद पडतं.

शाफ्ट टिकला की नंबर क्लच प्लेटांचा, म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्यांचा. प्लेटा दाबून धरतं ते तेलाचं प्रेशर. डी मध्ये मूळ लाइन प्रेशर ५४ ते ६० पीएसआयपासून सुरू होतं आणि थ्रॉटलची लिव्हर पूर्ण ओढली की ९०-९६ पर्यंत चढतं. ते वाढवायला व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाला वाट दाखवणाऱ्या भागात, बदल करतात. मोजायला ३०० पीएसआयचं गेज हवं, कारण रिव्हर्सचं प्रेशर मूळचंच २०० च्या पलीकडे जातं. छोटं गेज लावलंत तर आधी गेजच रिव्हर्स होईल. पण या सगळ्याआधी दहा मिनिटं थ्रॉटल व्हॉल्व्हच्या केबलला द्यावीत; ॲक्सिलरेटरसोबत प्रेशर वाढवते ती हीच. ती सैल असली की पायाखाली पूर्ण जोर आणि आत अर्धं प्रेशर, अशी दुफळी माजते आणि नव्याकोऱ्या प्लेटा करपतात. ‘बोगस पार्ट’च्या पुष्कळ तक्रारी या केबलीवर लटकलेल्या असतात.

मग बँड, म्हणजे ड्रमला आवळून थांबवणारा पट्टा. दुसरा गिअर पुढच्या बँडवर चालतो. त्याच्या आणि लिव्हरच्या मधला मूळ स्ट्रट, म्हणजे छोटा टेकू, जोर वाढला की दगा देतो, म्हणून अखंड पोलादातून कापलेला बसवतात. मूळ लिव्हर असेल तर ४७आरईला पुढच्या बँडचा स्क्रू ७२ इंच-पौंडाने आवळून पावणेदोनहून किंचित जास्त, म्हणजे १ ७/८ फेरे सैल करायचा; मागचा तितकाच आवळून ३ फेरे. इंच-पौंड! फूट-पौंडाचा पाना लावणारा महाभाग बारापट आवळतो आणि मग बँडला दोष देतो. लिव्हर बदलली असेल तर फेऱ्यांचा हिशोबही बदलतो. तिच्या डब्यातला कागद डब्यासोबत फेकू नये.

ओव्हरड्राइव्हचा डबा मात्र घरी, मांडीवर घेऊन उघडायचा प्रकार नाही. आतल्या डायरेक्ट क्लचची स्प्रिंग सुमारे ८३० पौंडांनी, म्हणजे पावणेचारशे किलोंनी दबलेली असते. प्रेस नसेल तर हात लावू नये. इथे मी विनोद करत नाहीये.

जोडणीला शिस्त लागते, आणि ती बहुतेक वेळा रात्री अकरानंतर संपते. नव्या प्लेटा आधी एटीएफमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलात, भिजवाव्यात, कोरड्या घालू नयेत. सील आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या गोळ्या जागेवर धरायला साधं व्हॅसलीन. ते तेलात विरघळतं, चाकाचं ग्रीस विरघळत नाही. जुन्या बनियनचं फडकं तर बिलकूल नको, त्याचा एक धागाही व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. कन्व्हर्टर फिरवत फिरवत पंपात शेवटपर्यंत बसवायचा. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर तो हाताने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल आणि ‘बोल्टने ओढून घेऊ’ अशी बुद्धी सुचली, तर नवा पंप फुटल्याचा आवाजही ऐकून ठेवावा. जुना गिअरबॉक्स जळून गेला असेल तर त्याची राख कूलरमध्ये बसलेली असते. या गाडीत दोन कूलर: एक रेडिएटरपुढे, दुसरा इंजिनाच्या बाजूला. दोन्ही धुवा, नाहीतर बदला.

तेल बदलणं हा वेगळाच अभिषेक. मूळ पॅनला ड्रेन प्लगच नाही. बोल्ट सैल करायचे, एक कोपरा खाली येतो आणि लाल तेल शर्टाच्या बाहीतून थेट काखेपर्यंत पोचतं. प्लग असलेला खोल ॲल्युमिनियमचा पॅन ही या सगळ्या यादीतली एकमेव वस्तू, जिच्या पैशांबद्दल कोणी हळहळत नाही. एटीएफ+४ भरायचं, आणि पातळी गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये बघायची. पार्कमध्ये नाही. पार्कमध्ये हा गिअरबॉक्स कन्व्हर्टरला तेलच देत नाही, त्यामुळे डिपस्टिक तोंडावर खोटं बोलते. दुसऱ्या कंपनीच्या गाडीची सवय असलेला जाणकार शेजारी येऊन ‘पार्कमध्ये बघ’ म्हणेल, त्याला चहा द्यावा.

एवढं केल्यावर गाडी दुसऱ्या गिअरात अशी झेपावते की मालक दोन दिवस कारण नसताना दूध आणायला जातो. तिसऱ्या दिवशी मागून टक्-टक् आवाज येतो. वाकून बघितलं तर चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा यू-जॉइंट.