मागच्या तारखेची नोंद

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून तिला अजून दोन वर्षेही झालेली नाहीत. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तिने एकदम विचारले, "मामा, साहेब म्हणतात, मागची तारीख टाकून एम.बी.त नोंद करून टाक. तो थर टाकताना मी साइटवर नव्हतेच. त्यांना नाही कसे म्हणायचे?" मी याच खात्यात ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. फोनवर तिला जे सांगितले ते मला स्वतःलाच अपुरे वाटत राहिले, म्हणून तिची परवानगी घेऊन आणि ठिकाणाचा उल्लेख टाळून हे सविस्तर लिहीत आहे. नोकरीत नवीन असलेल्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, ही इच्छा आहे.

खात्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तक, काय असते ते सांगतो. रस्ता असो, मोरी असो की शाळेची खोली असो, ठेकेदाराचे देयक या पुस्तकातल्या नोंदीवरून निघते. त्याची पाने क्रमांकित असतात, पान फाडता येत नाही, खोडरबर चालत नाही. चूक झाली तर ती एका रेघेने काटून शेजारी सही करावी लागते. एवढी कडक शिस्त असण्याचे कारण साधे आहे. रस्त्याचा खडीकरणाचा थर डांबराखाली गेला की तो डोळ्यांना दिसत नाही आणि खड्डा घेतल्याशिवाय मोजताही येत नाही. त्यानंतर त्या थराचा साक्षीदार म्हणून हे पुस्तक आणि त्यावर सही करणारा माणूस एवढेच उरतात.

समजा, १२०० मीटर लांबीचा आणि ३.७५ मीटर रुंदीचा रस्ता आहे आणि दबाईनंतर खडीचा थर ७५ मिलिमीटर जाडीचा असायला हवा. हिशेबाने ही खडी ३३७.५ घनमीटर होते. प्रत्यक्षात थर ५० मिलिमीटरचाच पडला असेल, तर ती २२५ घनमीटर भरते. मधला फरक ११२.५ घनमीटरचा, म्हणजे बाजारातल्या मापाने जवळजवळ ४० ब्रास खडीचा. ही ४० ब्रास खडी फक्त कागदावर अंथरायची असेल, तर त्यासाठी कनिष्ठ अभियंत्याची एक सही लागते. साहेब त्या सहीसाठी इतके गोड किंवा इतके कठोर का होतात, हे यावरून लक्षात यावे.

मी स्वतः अशी सही एकदा केलेली आहे. सन १९९० मध्ये मी नोकरीत नवीन होतो. तेव्हाचे आमचे साहेब अतिशय मृदू स्वभावाचे होते. माझे वडील आजारी असताना त्यांनी एका शब्दाने माझी रजा मंजूर केली होती, घरी येऊन चौकशी केली होती. महिन्याभराने त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि न पाहिलेल्या थराच्या नोंदीवर सही करण्यास सांगितले. "माझ्यावर विश्वास आहे ना?" एवढेच ते म्हणाले. मी सही केली. दोन पावसाळ्यांत त्या रस्त्याची खडी उघडी पडली. त्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका त्या रस्त्याविषयी काय बोलत होत्या, ते मी शेजारी उभा राहून ऐकले आहे, आणि तो रस्ता कोणाच्या सहीने पुरा झाला हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यामुळे "कठीण साहेब" हा शब्द मी फार जपून वापरतो. माझ्या नोकरीत सर्वांत तापट असलेले अधिकारी बैठकीत चारचौघांसमोर पाणउतारा करायचे, टिपणीतल्या ऱ्हस्वदीर्घावरून कागद भिरकावायचे, रात्री दहाला फोन करायचे. पण चार वर्षांत त्यांनी मला एकही चुकीची सही मागितली नाही. त्यांचा त्रास माझ्या मनाला झाला, माझ्या सचोटीला नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असे मला कळकळीने वाटते. अपमानाचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी बोलावे, तक्रार करावी, गरज पडल्यास बदली मागावी. पण ओरडणाऱ्या साहेबाला भ्रष्ट समजणे आणि गोड बोलणाऱ्याला सज्जन समजणे, या दोन्ही चुकांची किंमत मी मोजलेली आहे.

१९९४ च्या मार्चमध्ये दुसऱ्या एका साहेबांनी मला तेच सांगितले. मार्चअखेर होती, ३१ तारखेनंतर निधी परत जाणार होता आणि थर ७५ मिलिमीटरचा धरून नोंद करावी असा त्यांचा तोंडी हुकूम होता. या वेळी मी त्यांना तोंडावर नकार दिला नाही, भाषणही केले नाही. मी म्हणालो, "साहेब, उद्या सकाळी साइटवर जाऊन मोजतो आणि संध्याकाळपर्यंत जे निघेल ते लिहून आणतो." दुसऱ्या दिवशी डांबर पडण्यापूर्वी तीन ठिकाणी खड्डे घेतले. जाडी ५०, ५२ आणि ४८ मिलिमीटर निघाली. त्याच दिवसाची तारीख घालून मी ती पुस्तकात लिहिली आणि सोबत चार ओळींची टिपणी सादर केली: आपण काल तोंडी दिलेल्या सूचनेप्रमाणे थराची जाडी ७५ मिलिमीटर धरावयाची असल्यास कृपया लेखी आदेश व्हावेत, प्रत्यक्ष मोजमाप सोबत जोडले आहे. त्या टिपणीत एकही विशेषण नव्हते, आरोप नव्हता, ठेकेदाराचे नावही नव्हते. साहेबांनी ती वाचून टेबलावर आपटली. लेखी आदेश मात्र शेवटपर्यंत दिला नाही.

हा मार्ग मी शोधून काढलेला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम सचोटीविषयी आहे आणि त्यातच हे सांगितलेले आहे की कर्मचाऱ्याने आपल्या सदसद्विवेकाने काम करावे, वरिष्ठांच्या निदेशानुसार वागायचे असेल तर तो निदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते शक्य नसेल तर त्यानंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी. म्हणजे लेखी आदेश मागणे हा उद्धटपणा नाही, ते कर्तव्यच आहे. पुढे माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी सूचनांची नोंद करण्याची गरज स्पष्ट केली. न्यायालयाचे त्यातले एक म्हणणे प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे: तोंडी हुकमावर वागणारा कर्मचारी स्वतः जोखीम पत्करतो, कारण तो निर्णय आपला नव्हताच, असे त्याला नंतर म्हणता येत नाही. माझ्या पाहण्यातल्या चौकशांमध्येही हेच घडत आले आहे. साहेबांचा हुकूम हवेत विरून जातो आणि कनिष्ठ अभियंत्याची सही पुस्तकात राहते.

या टिपणीची किंमत मला मोजावी लागली. देयक प्रत्यक्ष जाडीप्रमाणे निघाले, उरलेला निधी परत गेला, राहिलेला थर आणि डांबरीकरण पुढच्या वर्षावर गेले. त्या गावच्या लोकांनी मलाच दोष दिला. ठेकेदार त्यांना सांगत असे की कामाला कोणाची हरकत नाही, या एका माणसाने अडवून ठेवले आहे. एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात येऊन म्हणाले, "साहेब, पातळ का होईना, पण रस्ता झाला असता." त्यांना समाधानकारक उत्तर मला देता आले नाही आणि आजही ते सोपे वाटत नाही. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी कर्मचाऱ्याच्या कामाविषयी लिहितात त्यात, माझ्याविषयी "सहकार्य करण्याची वृत्ती कमी" असा शेरा आला आणि पाच महिन्यांत माझी बदली झाली. मुलगी तेव्हा पहिलीत होती. शाळा मध्येच सोडावी लागली म्हणून ती रडली होती.

आजच्या मुलांच्या हातात आमच्यापेक्षा अधिक साधने आहेत, हे मात्र आनंदाने नोंदवतो. माहिती अधिकार कायदा २००५ चा. नस्तीतल्या, म्हणजे सरकारी फाइलमधल्या, टिपण्या आता नागरिकाला मागता येतात. बदल्यांचे विनियमन करणारा राज्याचा कायदाही २००५ चाच आहे. त्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आहे आणि मुदतपूर्व बदलीसाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती नोंदवली नसतील तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात सांगितले. सीमा रस्ते सेवेतल्या या अभियंत्याची बढती अडली होती ती वाईट शेऱ्यामुळे नव्हे, तर त्यांना कधी न कळवलेल्या "चांगला" या शेऱ्यामुळे, कारण बढतीसाठी "अति चांगला" लागत होता.

पण ही साधने वापरण्यासाठी आपले हात मोकळे असावे लागतात. ठेकेदाराच्या जीपने साइटवर जायचे आणि त्याच दौऱ्याचे टी.ए., म्हणजे प्रवासभत्त्याचे, बिलही लावायचे, ही गोष्ट आमच्या वेळी इतकी सर्रास होती की त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. साहेबांना मात्र ते सगळे ठाऊक असे. ज्या दिवशी तुम्ही खडीच्या जाडीवर अडून बसता, त्या दिवशी ते बिल बाहेर निघते. १९९० नंतर मी एसटीने आणि पुढे स्वतःच्या दुचाकीने साइटवर जाऊ लागलो, तेव्हा सहकाऱ्यांना तो हट्ट वाटला. १९९४ च्या त्या मार्चमध्ये माझी दौरा दैनंदिनी तपासण्यासाठी मागवली गेली आणि चार दिवसांनी काही न बोलता परत आली, तेव्हा मला त्या एसटीच्या प्रवासाचा अर्थ कळला.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला या सगळ्यात सर्वांत अवघड गेली. ज्या साहेबांनी माझी बदली करवली, त्यांच्यावर काही वर्षांनी एका पुलाच्या कामावरून चौकशी लागली. त्या कामाच्या काळात मी त्याच विभागात असल्यामुळे माझा जबाब झाला. त्या पुलाच्या आराखड्यातला बदल त्यांनी केलेला नव्हता. तो वरच्या कार्यालयातून आला होता आणि त्याचे पत्र मी पाहिले होते. गप्प बसलो असतो तर कोणी मला दोष दिला नसता, आणि खरे सांगायचे तर गप्प बसावे असे दोन दिवस मनात येतही होते. शेवटी पत्राचा जावक क्रमांक आठवून जबाबात लिहून दिला. ते साहेब नंतर भेटले तेव्हा त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही आणि मीही केला नाही. साहेबांविरुद्ध खरे लिहिण्याची तयारी असेल, तर त्यांच्या बाजूचे खरे लिहिण्याचीही असावी लागते. नाहीतर ७५ च्या जागी ५० लिहिणे हा निव्वळ सूड ठरला असता.

भाचीने फोनवर शेवटी विचारले होते, सरळ वर तक्रार करू का? राष्ट्रीय महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहारांविषयी सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट अनेक कार्यालयांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. न्यायालयाने पुढे तो लुटारूंनी केल्याचे मानून तिघांना शिक्षा दिली. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे, पण कोणत्याही मुलीला पहिल्याच पायरीवर असे धाडस कर, असे मी सांगणार नाही. आधी आपल्या हातातले पुस्तक खरे ठेवावे आणि लेखी आदेश मागावा. तक्रारीची वेळ आलीच, तर ती कागदपत्रांसह आणि एकटीने न करता संघटनेला विश्वासात घेऊन करावी.

सोमवारी तिने टिपणी दिली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. साहेबांनी ती नस्तीत लावलेली नाही, परतही केलेली नाही. दोन दिवस ते तिच्याशी बोललेले नाहीत. उद्या सकाळी ती टेप घेऊन साइटवर जाणार आहे. खड्डे तीन नव्हे, पाच घे, ठेकेदाराचा माणूस आणि गावातली दोन माणसे समोर असू देत, त्यांच्या सह्या जागेवरच घे आणि तारीख उद्याचीच घाल, एवढे तिला आत्ता पुन्हा फोन करून सांगितले आहे.