मुलांना त्यांचे स्वतःचे निबंध लिहू द्या

शालेय निबंध स्पर्धांचा परीक्षक म्हणून काम करताना माझे एक मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे आणि ते जरा विस्ताराने मांडावे म्हणून ही पोस्ट लिहीत आहे. मुलांचे वाचन कमी झाले, शुद्धलेखन बिघडले, शब्दसंग्रह आटला, अशा तक्रारी आपण नेहमी करतो आणि त्यांत तथ्यही आहे. माझी तक्रार मात्र आपल्याविषयी, म्हणजे शिक्षक, परीक्षक आणि पालक यांच्याविषयी आहे. मुलाने जे स्वतः पाहिले, ऐकले, सोसले किंवा वाचले, ते लिहिण्यापासून आपण त्याला हळूहळू परावृत्त करतो आणि जे त्याला मुळीच ठाऊक नाही ते आलंकारिक भाषेत लिहिल्याबद्दल त्याला गुण देतो.

‘माझी आई’ हा निबंध घ्या. पिढ्यान्‌पिढ्या या निबंधातली आई पहाटे उठते, देवपूजा करते, गरमागरम डबा भरून देते, अभ्यास घेते आणि रात्री गोष्ट सांगून झोपवते. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी निघून उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडावर राहणाऱ्या आईचे मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते, आणि तेही परीक्षेत हाच निबंध लिहिते. त्याच्या आईच्या हातांना पडलेले चिरे, तिने फोनवर विचारलेला एखादा नेमका प्रश्न, ती परत आल्यावर पहिल्या दिवशी वाटणारा संकोच, यांतले काहीही कागदावर येत नाही, कारण निबंधात लिहिण्याजोगी आई वेगळी असते हे त्याला तिसरी-चौथीतच कळून चुकलेले असते. ‘माझी शाळा’ या निबंधात शाळेसमोर हमखास भव्य मैदान असते आणि मैदानाच्या कडेने गुलमोहर असतो. मैदान नसलेल्या शाळेतली मुलेही ते लिहितात. आपण वर्गात सत्य बोलावे म्हणून सुविचार लिहितो आणि त्याच वर्गात मुलाला प्रथमपुरुषी एकवचनात खोटे लिहिण्याचा सराव देतो, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करीत आली आहे.

मराठीतला शाळकरी निबंध असाच असतो, त्यात दुसरे काही शक्य नसते, असे कोणी म्हणू लागले की मला मुक्ता साळवे या मुलीची आठवण होते. फुले दांपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती मिशनच्या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. तिचे वय तेव्हा १४ च्या आसपास होते. तिच्यापुढे गाईड नव्हते, नमुना-उत्तर नव्हते आणि अशा विषयावर तिच्या समाजातल्या मुलीने काय लिहायचे असते हे सांगणारी परंपराही नव्हती. तिने जे लिहिले ते आजही मराठी गद्यातले एक अत्यंत धारदार लेखन म्हणून वाचले जाते.

तो निबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी मला त्यातल्या तपशिलांचे नवल वाटते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत हे उघड आहे, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवाला विचारते. हा तर्क आहे आणि तो पायरी-पायरीने मांडलेला आहे. बाजीराव पेशव्यांच्या अमलात आपल्या लोकांची किंमत गाढवाइतकीही नव्हती असे सांगताना ती नुसते विधान करून थांबत नाही. लंगड्या गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी तरी जाब विचारील, आम्हांला मारू नका म्हणणारा कोण होता, असे ती पुढे विचारते. इमारतींच्या पायांत तेल-शेंदूर पाजून माणसे पुरली जात, हे ती लिहिते. आणि मग ती अशा जागी येते जिथे दुसरा कोणताही लेखक त्या काळी पोचला नसता: आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते आणि थंडी, वारा, पाऊस यांत त्यांचे काय हाल होत असतील, हे ती नोंदवते. ‘समाजातील विषमता’ या विषयावरचे शेकडो निबंध मी वाचले आहेत. त्यांपैकी बहुतेकांत बाळंतिणीच्या डोक्यावरचे छप्पर येत नाही, कारण ते कोणी पाहिलेले नसते किंवा पाहिले असले तरी ते निबंधाच्या योग्यतेचे आहे असे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. मुक्ताने इंग्रजी राज्याविषयी समाधान व्यक्त केले आहे आणि आजच्या पुष्कळ वाचकांना ते पटणार नाही. तरीही ते तिने पाहिलेल्या फरकावरून काढलेले तिचे मत होते आणि संपादकांनी ते छापले. आपल्याला न पटणारे मत विद्यार्थ्याने कारणांसह मांडले तर त्याला पूर्ण गुण देण्याची तयारी आज आपल्यापैकी किती परीक्षकांची आहे, हे प्रत्येकाने मनाशी तपासावे.

मराठी निबंध एरवीही मतभेदांतूनच वाढला आहे. लोकहितवादींची (गोपाळ हरी देशमुख यांची) ‘प्रभाकर’ साप्ताहिकातली पत्रे, त्यांच्यावर आणि जोतीराव फुले यांच्यावर तुटून पडणारी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ पासूनची ‘निबंधमाला’, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल चाललेल्या खटल्यानंतर स्त्रियांवर जी झोड उठली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘स्त्री-पुरुष तुलना’, ‘केसरी’तून बाहेर पडून आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेले ‘सुधारक’, हे सारे कोणाच्या तरी म्हणण्याला दिलेले उत्तर होते. शाळेतला निबंध मात्र कोणालाच उत्तर देत नाही. त्याचा शेवट ‘प्रत्येकाने मनापासून ठरवले तर भारत महासत्ता होईल’ अशा वाक्याने होतो आणि त्या वाक्याला कोणाचाही विरोध असू शकत नाही.

इतिहासावरच्या निबंधांचे दुखणे मला सर्वांत गंभीर वाटते. शिवाजी महाराजांवर निबंध लिहिणारा आठवी-नववीतला मुलगा विशेषणांची रास रचतो: युगपुरुष, जाणता राजा, रयतेचा कैवारी. ही विशेषणे खोटी नाहीत, पण तो ‘कैवारी’ म्हणजे नक्की काय करीत होता हे त्याला सांगता येत नाही. चिपळूणजवळ तळ देऊन असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांच्या वतीने गेलेले प्रसिद्ध पत्र त्याला वाचायला दिले तर काय होईल याचा विचार करा. त्या पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच संपवून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, असे बजावलेले आहे. मग तुमचे लोक कुणब्यांकडून कुठे दाणा, कुठे भाकर, कुठे गवत, कुठे फाटे (जळण), कुठे भाजीपाला उचलू लागतील, लोक परागंदा होतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे म्हणतील. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात सूचना आहेत. एका राज्यकर्त्याचे डोके कसे चालत होते हे या एका पत्रावरून तेरा वर्षांच्या मुलाला स्वतः शोधून काढता येते. रयतेची काळजी ही कोठारातल्या दाण्याच्या हिशेबापासून सुरू होते, हा निष्कर्ष त्याने आपल्या शब्दांत लिहिला तर तो इतिहासाचा निबंध ठरेल, मग त्यात एकही विशेषण नसले तरी चालेल.

जुनी कागदपत्रे सर्वांना मिळणार नाहीत हे खरे, पण माणसे मिळतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहिलेल्या, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तांबड्या ज्वारीच्या, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) खाल्लेल्या आज्या आणि आजोबा अजून आपल्यात आहेत. त्या दुष्काळातल्या अनुभवावर पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला, जो देशातल्या नंतरच्या अशा कायद्यांना मार्गदर्शक ठरला. नातवाने आजीसमोर वही घेऊन बसावे, तिला मजुरी किती मिळायची, कोण हजेरी घ्यायचे, पाणी कुठून आणायचे, लहान भावंडांना कोण सांभाळायचे हे विचारावे आणि तिने जसे सांगितले तसे लिहून, ते पुस्तकातल्या माहितीशी ताडून पाहावे. तिला एखादे साल चुकीचे आठवले तर ते का चुकले असावे याचाही विचार त्याने करावा. साधन तपासणे म्हणजे काय, हे इतिहासाच्या धड्यातल्या व्याख्येपेक्षा अशा एका दुपारीत जास्त चांगले समजते. ही माणसे आणखी वीस वर्षांनी नसतील, म्हणून हे काम आत्ताच करायला हवे.

साहित्याच्या बाबतीत आपण एक निराळीच अडचण करून ठेवली आहे. दहावीला कवितेचे रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन मुद्द्यांत लिहायचे असते. मुद्दे म्हणून त्यांत काहीच वाईट नाही आणि गोंधळलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा आधारही होतो. परंतु शिकवणी वर्गांनी आणि ‘अपेक्षित’ संचांनी त्या तिन्ही मुद्द्यांखाली घालायची वाक्येही तयार करून ठेवली आहेत, ती अशी की कविता बदलली तरी वाक्ये बदलावी लागत नाहीत. साधी, सोपी, ओघवती भाषा, मनाला भिडणारा आशय, समर्पक शब्दयोजना. मी एकदा एका मुलीच्या वहीत वाचले होते की तिला कवितेतली एक ओळ कळली नाही आणि म्हणूनच ती दिवसभर तिच्या डोक्यात राहिली. त्या संपूर्ण गठ्ठ्यातले कवितेविषयीचे तेवढे एकच खरे वाक्य होते. कविता आवडली नाही असे लिहिण्याची आणि का आवडली नाही ते ओळी दाखवून सांगण्याची मुभा मुलांना असायला हवी, कारण नावडीचे कारण शोधताना मूल कविता खरोखर वाचते.

सामाजिक प्रश्नांविषयी थोडक्यात लिहितो. ‘कचऱ्याची समस्या’ असा विषय देण्याऐवजी ‘आमच्या घरातला कचरा कुठे जातो’ असा विषय दिला की मुलाला चौकशी करावी लागते. कचरा कोण उचलते, त्या व्यक्तीच्या हातांत मोजे असतात का, गाडी पुढे कुठे रिकामी होते, हे त्याला विचारावे लागते. विषयाचे शब्द बदलले की निबंध बदलतो आणि ते सर्वस्वी आपल्या हातात असते.

या साऱ्यावर शिक्षक मित्र जे आक्षेप घेतात ते मी गांभीर्याने घेतो. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, निवडणुकांपासून सर्वेक्षणांपर्यंतची अशैक्षणिक कामे आणि वर अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई यांत प्रत्येक वहीला न्याय देणे कठीण आहे. घरात मराठीची बोली किंवा दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलाला सुरुवातीला चौकट लागते, हेही मान्य आहे. तिसरा एक आक्षेप मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःचे लिहा म्हणताना आपण मुलाला घरातले दुःख उघडे करायला भाग पाडू शकतो, आणि व्यसनी वडिलांविषयी किंवा आईच्या आजारपणाविषयी लिहिलेला निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवणे ही क्रूरता आहे. म्हणून विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाकडे असावे आणि त्याच्या परवानगीवाचून निबंध कोणालाही दाखवू नये. बाजारातल्या भाजीवाल्या मावशींविषयी, शाळेच्या घंटेविषयी, सायकलच्या दुकानाविषयी लिहूनही मूल तितकेच खरे राहू शकते.

आता संगणकाला विषय सांगितला की क्षणात निर्दोष निबंध मिळतो आणि त्यामुळे पुष्कळ शिक्षक हताश झाले आहेत. मला त्यात आपल्याच मूल्यमापनाची परीक्षा दिसते. प्रस्तावना, फायदे, तोटे, उपाय आणि समारोप असा जो निबंध आपण इतकी वर्षे पूर्ण गुणांचा मानला, तोच ते यंत्र लिहून देते. आजीने खडी फोडताना कोणते गाणे म्हटले, हे ते सांगू शकत नाही.

यातून मार्ग काढायचा तर मी पुनर्लेखनापासून सुरुवात करीन. आपल्याकडे निबंध एकदाच लिहिला जातो, लाल शाईने तपासला जातो आणि वही मिटते. वर्षात दहा निबंधांऐवजी चारच घ्यावेत आणि प्रत्येक निबंध दोनदा लिहून घ्यावा. पहिल्या खर्ड्यावर गुण देऊ नयेत, समासात फक्त एक-दोन प्रश्न लिहावेत: हे तू पाहिलेस का, हे तुला कोणी सांगितले, इथे नेमके काय झाले. दुसऱ्या खर्ड्यात त्या प्रश्नांची उत्तरे आली की निबंध किती पुढे सरकतो हे ज्या शाळांनी करून पाहिले त्यांच्या वह्यांत मी पाहिले आहे. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की परीक्षकांना दिल्या जाणाऱ्या गुणतक्त्यात ‘स्वतःचे निरीक्षण’ हा स्वतंत्र रकाना असावा आणि त्याचे गुण ‘भाषासौंदर्य’ या रकान्यापेक्षा कमी नसावेत. पुढच्या स्पर्धेपासून मी तरी या अटीशिवाय परीक्षक होणार नाही, आणि आपल्यापैकी जे हे काम करतात त्यांनीही आयोजकांकडे हा आग्रह धरावा, असे मला वाटते.