भरती गेली, सुरी राहिली

माझं शेड्यूल हा आमच्या घरात थट्टेचा विषय आहे, पण पाच माणसं, एक गाडी आणि मे महिना म्हटल्यावर कोणीतरी घड्याळ बघायलाच हवं ना! यंदा दापोली-गुहागर. दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, मग गुहागरला व्याडेश्वर आणि तिथून हेदवीची बामणघळ. आता बामणघळ म्हणजे कधीही जाऊन बघायची गोष्ट नाही, खडकातल्या त्या चिंचोळ्या घळीत पाणी घुसून कारंज्यासारखं उडतं ते भरतीलाच, म्हणून मी चक्क भरती-ओहोटीच्या वेळा काढून ठेवलेल्या.

आणि वरात निघाली कधी? तर बाबांना दाढी करायची होती, चिरंजीवांची एक चप्पल सापडत नव्हती, आणि सासूबाईंना होमस्टेच्या काकूंकडून आंबोळीचं प्रमाण लिहून घ्यायचं होतं (घरी आम्हाला आंबोळ्या त्याच शिकवतात, पण असो). दाभोळच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटलेली, आणि तिच्यावरचं एक पोरगं आम्हाला टाटा करत होतं. इतका राग आला मला त्या पोराचा!

रस्त्याने जायचं तर चिपळूणचा भलामोठा वळसा, त्यामुळे थांबणं आलं. मी तोंड फुगवून एसीत बसले. पाच मिनिटांनी नवरा म्हणाला डिझेल जळतंय, मग उतरले.

बाहेर सासूबाईंचा दरबार भरलेला. डिकीत पेपर पसरलेला, पर्समधून त्यांची ती लाल मुठीची सुरी निघालेली (ही सुरी काशीलाही जाऊन आलीय) आणि कैऱ्या कापणं चालू. कैऱ्या कुठून आल्या ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. तिखटमीठ व्हिक्सच्या धुतलेल्या डबीतून. बाबा पलीकडे हात करून एका रिक्षावाल्याला एन्रॉन समजावत होते, की बघा, नाव दाभोळ वीज प्रकल्प, आणि उभा कुठे तर पलीकडे अंजनवेलला, म्हणजे भानगड त्यांची आणि नाव खराब तुमचं! रिक्षावाला दाभोळचाच, पण मान डोलावत होता बिचारा, कैरी मिळाली होती ना.

चिरंजीव जेट्टीवर पालथे. दगडाच्या फटीतून एक खेकडा बाहेर यायचा, याने बोट हलवलं की आत. बाहेर, आत. वीस मिनिटं! काल सनसेटला हाच विचारत होता, "हे अजून किती वेळ चालणार?"

मी एक फोड घेतली. दात असे आंबले की डोळा आपोआप मिटला. मग दुसरी घेतली, पुढच्या मोजल्या नाहीत.

बोट आली, नवऱ्याने गाडी रिव्हर्समध्ये चढवली, तीन जण तीन दिशांना "येऊ दे येऊ दे" ओरडत असताना. खाडीच्या मध्यावर आलो आणि सासूबाईंनी पर्स उलटीपालटी केली.

"अगं, माझी सुरी तिकडेच राहिली गं!"

मी घड्याळ बघितलं. भरती केव्हाच उतरायला लागली असणार.

"जाऊ दे आई, परत येताना याच बोटीने येऊ, जरा लवकर पोचू, म्हणजे शोधता येईल."

नवरा वळून माझ्याकडे बघायला लागला. परतीचा रस्ता चिपळूणवरून होता, शेड्यूलमध्ये, लाल अक्षरांत.