दुखत नाही, पण ताकद आली का?

ओस्लोला आल्यापासून घरचे वाद मी फोनवरूनच ऐकते. सध्याचा वाद भाच्याच्या गुडघ्याचा आहे. त्याच्या एसीएलचं, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन चौथा महिना चालू आहे. ऑपरेशनआधी सर्जन कोण, ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा तुकडा, मांडीच्या मागच्या स्नायूच्या कंडरेचा घ्यायचा की गुडघ्याच्या वाटीखालच्या, यावर सगळे हिरिरीने बोलत होते. आता घरात दोन तट पडलेत. मोठी माणसं म्हणतात, वजनं उचलू नकोस, आतलं निसटेल. तो म्हणतो, "मावशी, आता दुखतच नाही, मग खेळायला का नको?"

मला दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर वाटतात. खेळायची घाई नको, हे खरं. बसवलेल्या ग्राफ्टचं लिगामेंट व्हायला कित्येक महिने लागतात आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत तो उलट कमजोर होतो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. पण म्हणून वजनच नको, हे मला अजिबात पटत नाही. सांध्याला सूज आली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आवर घालते, तो पूर्ण आवळलाच जात नाही आणि बघता बघता मांडी बारीक होते. ती आराम करून भरत नाही. आधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, मग सरळ पाय गुडघ्यात न वाकता उचलता यायला हवा आणि त्यानंतर फिजिओच्या देखरेखीखाली वजन टप्प्याटप्प्याने वाढायला हवं. भाच्याकडे फिजिओ घरी येतात, शेक देतात, करंटचं मशीन लावतात आणि पायाला तेच जुनं वजन बांधून तेच व्यायाम करून घेतात. वजन वाढलंच नाही तर ताकद वाढणार कुठून?

माझं हेच ऑपरेशन इथे झालं. कठडा न धरता जिना चढायला लागले तेव्हा फिजिओने मला खुर्चीत बसवून नडगीला पट्टा बांधला आणि सगळा जोर लावून पाय पुढे ढकलायला सांगितलं. मग दुसरा पाय. पडद्यावर दोन आकडे आले. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निम्म्याच्या थोडाच पुढे होता. चालताना मला याचा पत्ताही नव्हता.

२०१६ मध्ये ओस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी १०६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने लांबलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी असलेल्यांनाही इजा कमी झाल्या. खेळात परतायला साधारणपणे दुसऱ्या पायाच्या ९० टक्के ताकद हा निकष धरतात. मला तोही थोडा सैल वाटतो, कारण या काळात चांगला पायही कमजोर होतो.

इथलं सगळंच चांगलं असंही नाही. फिजिओची भेट काही आठवड्यांनी, बाकी जिममध्ये आपलं आपण. कंटाळा आला तर उठवायला कुणी नाही. भाच्याची आई रोज समोर बसून त्याचे व्यायाम मोजते. ते मला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

म्हणून त्याला मी फिजिओ बदलायला सांगितलं नाही. पुढच्या वेळी ते आले की दोन गोष्टी विचार म्हटलं: दोन्ही पायांची ताकद मोजून कधी देणार, आणि या आठवड्यात वजन कितीने वाढवायचं.