तेराव्यानंतर जा

आपल्याकडे माणूस गेला की घर भरतं. मातीला गाव लोटतं, दहाव्याला सोयरे येतात, तेराव्याला पंगत उठते. चौदाव्या दिवशी मांडववाला सतरंज्या घेऊन जातो आणि त्या घरात एक बाई, दोन लेकरं आणि म्हातारी सासू उरते. खरी गरज तिथून पुढे सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच आपलं जाणं थांबतं.

मी हे यवतमाळ-वर्धा भागातल्या, शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांबद्दल लिहिते आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्यांची नोंद आहे, त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. शेतकरी आणि शेतमजूर दोन्ही धरून. यातल्या बहुतेक घरांत मागे एक बाई आहे, आणि तिला सगळ्यांनी प्रश्न विचारलेले आहेत. पोलीस विचारतात, तलाठी विचारतो, बँकेचा माणूस विचारतो, पेपरवाला फोटो काढून विचारतो. कर्ज किती होतं? कोणाचं होतं? सातबारा कोणाच्या नावावर? सकाळी भांडण झालं होतं का? या उत्तरांवर तिचं प्रकरण सरकारी मदतीसाठी जिल्हा समितीपुढे पात्र की अपात्र ते ठरतं, म्हणून ती प्रत्येक शब्द जपून बोलते. नवऱ्याच्या मरणाची हकिकत तिने कितीदा तरी सांगितलेली असते, पण प्रत्येक वेळी कागदासाठी. तिची म्हणून ती कोणी ऐकलेली नसते. एक वहिनी मला म्हणाल्या, "लोकं फायलीचंच इचारतात ताई, माहं कोनी इचारत नाही."

त्यात आपल्या चालीरीती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. लग्नघरी ती स्वतःच मागे मागे राहते. पोळ्याला बैल कोण सजवणार, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. बोलायची माणसं अशी एकेक करून कमी होत जातात. मला याचा फार राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

मी समुपदेशक नाही, मी काय बोलणार, असं बरेच जण म्हणतात. झिम्बाब्वेतली एक गोष्ट त्यांना सांगावीशी वाटते. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाची एक रुग्ण आत्महत्येने गेली. दवाखान्यात यायला तिच्याकडे बसचं भाडं नव्हतं. त्यानंतर २००६ मध्ये हरारेत त्यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवलं आणि आरोग्य केंद्राच्या आवारात एका बाकावर बसवलं. लोक येत, आजी ऐकत, मग दोघं मिळून एक अडचण निवडून तिच्यावर वाट शोधत. २०१६ मध्ये या कामाचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा आज्यांकडे आलेल्या लोकांचं नैराश्य जास्त कमी झालेलं दिसलं. लांब कशाला, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' नावाचं असंच काम उभं केलं. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. ती घरी जातात, चार-सहा वेळा भेटतात, ऐकतात, सरकारी योजनेपर्यंत पोचवतात आणि दुखणं मोठं असेल तर डॉक्टरकडे नेतात.

"ऐकून कर्ज फिटतं का?" हेही विचारलं जातं. नाही फिटत. मदतीचे पैसे, कापसाला भाव, पीकविमा हे सगळं मिळायलाच हवं, आणि त्यासाठी भांडायलाही हवं. पण त्या घराची खरी अडचण काय आहे ते पहिल्या भेटीत कळत नाही. पहिल्यांदा "बसा, चहा मांडते" एवढंच होतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं की जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे, दीर वाटणीचं नाव काढू देत नाही, आणि पोरीने शाळा सोडली आहे. हे अर्जाच्या कुठल्या रकान्यात येणार?

जाणार असाल तर वेळ तिची बघून जा. वेचणीच्या दिवसांत ती दुपारी घरी सापडत नाही. मग सोबत शेतात जा, ओटी बांधून दोन ओळी कापूस वेचा. हात कामात असले की बोलणं सुटतं, समोरासमोर खुर्च्या टाकून ते होत नाही. फोन पिशवीत ठेवा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याला काय आवडायचं ते विचारा. सगळे ते नाव टाळतात आणि तिला तेच बोलायचं असतं. "लेकरांकडं पाहून धीर धर" हे कृपा करून म्हणू नका. लेकरांकडे तर ती रात्रंदिवस बघतेच आहे. तीच गोष्ट तिने पुन्हा सांगितली, थोडी वेगळी सांगितली, तरी ऐका, तपशील दुरुस्त करू नका. रडली तर रडू द्या.

आणि "आता जगावंसं वाटत नाही" असं ती म्हणाली तर विषय बदलू नका. जीव द्यायचं मनात येतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसरीकडे हलवा, आणि तिच्याशेजारी बसून १४४१६ लावा. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा हा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्यानंतरही पुढच्या आठवड्यात परत जा.

आम्ही काही जणी सुट्टीच्या दिवशी अशा घरी जातो. संस्था नाही, पावती नाही, बॅनर नाही. फोटो काढत नाही आणि कोणाचं नाव कुठे टाकत नाही. एका घराला एकच जण धरतो आणि वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी जाणं मोडत नाही. आमच्यापेक्षा घरं खूप जास्त आहेत. या भागातल्या कोणाला यायचं असेल तर मेसेज करा, पहिल्या भेटीला मी सोबत येईन. लांब राहत असाल तर आपल्या गावातलं, आपल्या गल्लीतलं एक घर आठवा, जिथे तुम्ही तेराव्यापर्यंत गेला होतात.