सब मांगं, बेस समोर

फाट्यावरच्या चहाटपरीपुढं बोलेरो उभी. मागच्या खोक्यात 12 इंची सब, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर. धमधम भरपूर, पण ढोलकीचा ठोका पोकळ.

गाडीवाला म्हणाला, "अॅम्पवरचा सबचा जोर, गेन, वाढव ना भाऊ."

"कायले?" डेकवाला म्हणाला. "80 हर्ट्झपाशी, म्हन्जे जिथं सबचं काम सरून दाराचं सुरू होते, सब अन् दारातले स्पीकर एकमेकाले खातात. एकाचा कोन बाहेर ढकलते, दुसऱ्याचा आत ओढते. गेननं खालची घुमघुम वाढन, खड्डा तसाच राहीन. वरून अॅम्प क्लिप झाला, म्हन्जे ताकदीबाहेर जाऊन सूर फाटला, तं सबची कॉइल जळन."

"मंग सबचा फेज स्विच 180 वर टाक, कोन उलटा चालन," वायरमन. "सब मांगं असला का 180 च."

ही समजूत गॅरेजागॅरेजात ऐकू येते, अन् तिच्या नादात चांगल्या गाड्यांचा बेस जातो.

"हिशोब कर," डेकवाला म्हणाला. "80 हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची. नुसत्या अंतरानं 180 व्हाले दोन मीटरच्या वर फरक लागते. इथं सब अन् दाराच्या अंतरात फरक हाये मीटर-सव्वा मीटर. अन् सूर सब-दारात वाटणारे फिल्टर, क्रॉसओव्हर, दोन्हीकडं 12 डीबी उताराचे असले तं तिथंच 180 चा फरक पडते. तोंडी कसं सांगतं बे?"

वायरमन अडला, "मंग कानानंच पाहाव लागन."

"हाव. पण आधी पोलॅरिटी, प्लस-मायनस सरळ हाये का ते. डेककडची वायर सोड, 1.5 व्होल्टचा सेल दारातल्या स्पीकरले क्षणभर लाव. प्लसले प्लस. कोन बाहेर आला पाह्यजे. ट्वीटरले लावू नको. एक दार जरी उलटं असलं तं फेज कितीही फिरव, बेस येत नाई."

मग खरं काम. बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, सबचा लो-पास (वरचे सूर अडवणारा) अन् दाराचा हाय-पास (खालचे अडवणारा) दोन्ही 80 वर. काचा-दारं लावून मालक ड्रायव्हर सीटवर. मोबाइलवरून डेकवर 80 हर्ट्झचा सूर, हळू आवाजात. बटण फिरवणारा वेगळा, कारण मागं बसून ऐकलेला बेस खोटा.

"स्विच 0 न् 180 करून पाह्य, जिथं जोरात तिथं ठेव. मंग फेजचा नॉब हळूहळू फिरव. जोर कुठं जास्त हे कानाले लवकर समजत नाई, सूर कुठं बुडते हे समजते. बुडाला का तिथंच थांब अन् स्विच पालटव."

"अन् कापूस भराले खोका सरकवला तं?" गाडीवाला.

"पुन्हा पाह्य. खोका हातभर सरकला तरी मिलिसेकंदाच्या वर फरक पडते."

सूर बुडाला. आतून हाक आली, "थांब थांब, गेला!" वायरमननं स्विच पालटला, अन् ठोका डॅशबोर्डवर येऊन बसला.